काटकोनातलं वळण

झरीवरून जाणाऱ्या परभणी-जिंतूर रस्त्यावर सायकलवाल्याच्या वाट्याला येते ती साईडपट्टी. मागून ट्रकनं हॉर्न दिला की डांबरावरून खाली उतरायचं, तो गेला की वर चढायचं. उतरणं सोपं. चढताना डांबराच्या कडेला तिरपं भिडलं, तर पुढचं चाक कडेलाच घासत राहतं, हँडल हवं तसं वळत नाही, आणि कॅरिअरवरची पिशवी मालकाच्या आधी जमिनीवर पोचते.

सायकल चालवणं म्हणजे सतत पडता पडता सावरणं. डावीकडे वळायचं तर हँडल आधी किंचित उजवीकडे जातं, अंग डावीकडे कलतं, मग चाक मागोमाग येतं. विमानाआधी सायकलच्या दुकानात रमलेल्या विल्बर राइटनं कितीतरी सायकलस्वारांना विचारलं होतं, ‘डावीकडे कसे वळता?’ पहिल्या झटक्यात पूर्ण बरोबर सांगणारा एकही भेटला नाही. आपल्याकडची शेंबडी पोरं मधल्या दांड्याखालून पाय घालून हेच करतात, तीही न विचारता.

आता हे अंग कलवणं रस्त्याच्या नकाशात कुठं दाखवणार? भारतीय रोड काँग्रेसनं मात्र 1962 सालीच सायकलमार्गाचे नियम छापले: रुंदी किमान 2 मीटर, वळणाची त्रिज्या शक्यतो 10 मीटरच्या खाली नको. म्हणजे शहाणपण पुस्तकात होतंच. पुण्यानं तर 2017 मध्ये अख्खा सायकल आराखडा मंजूर केला. तरी शहरातल्या सायकल ट्रॅकवर मध्येच झाड येतं, खांब येतो, आणि त्याला वळसा घालायला गुण्यानं आखल्यासारखा काटकोन! काटकोनात वळायचं तर जवळजवळ थांबावं लागतं. आणि सायकल जितकी हळू, तितकी ती डुलते, तितकी जास्त जागा खाते. पेंडीचं पोतं लादून चढ चढणारा माणूस बघा, निम्मा रस्ता त्याचाच असतो. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून शाळेला निघालेल्या पोरींना तर रुंदी वेगळ्याच कारणासाठी लागते. एकीमागं एक जाऊन गप्पा कशा होणार?

आखणाऱ्यानं एकदा पावसाळ्यानंतर काळ्या रानातली वाट बघावी. चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या उन्हानं दगडासारख्या वाळलेल्या असतात. बांधाच्या कोपऱ्यावर एकही काटकोन सापडत नाही. वळण लांबूनच सुरू होतं. रेघाही दोन निघतात, कारण मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून कापतं. सायकलनं स्वतःचा नकाशा स्वतःच काढून ठेवलेला असतो, तोही फुकट.

फक्त वाट ओली असताना बघायला जाऊ नये. माती मडगार्डमध्ये गच्च बसते, चाक फिरेना होतं, काडीनं कितीही उकरा. शेवटी सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मग मात्र काटकोनात खुशाल वळता येतं.