ओरिजिनल कुठलं? जाणकार होऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

जुनी गाणी आवडतात, असं चारचौघांत सांगता ना? बंद करा. जुनी गाणी सगळ्यांनाच आवडतात. रिक्षावाल्याला आवडतात, त्याच्या रिक्षातल्या काकूंना आवडतात. या गर्दीतून वर यायचं तर गाण्याबद्दल बोलणं सोडा आणि गाण्याच्या प्रतीबद्दल बोलायला लागा. कुठेही गाणं सुरू झालं की दुसऱ्या ओळीला भुवई उचलून 'हे ओरिजिनल नाहीये' असं म्हणता आलं पाहिजे. पुढच्या सूचना तेवढ्यासाठीच आहेत. सूर कळण्याची अट नाही. कळत असेल तर प्रगतीला थोडा वेळ लागतो, इतकंच.

१. फोन उघडा आणि पन्नासच्या दशकातलं कुठलंही गाजलेलं हिंदी गाणं शोधा. त्याच नावाच्या ढीगभर नोंदी समोर येतील: रिमास्टर्ड, रिव्हायव्हल, झंकार बीट्स, कव्हर, लो-फाय, आणि एखादी 'ओरिजिनल'. या शेवटच्या नोंदीला अजिबात हात लावू नका. 'आमची कुठेही शाखा नाही' ही पाटी आपण ज्या नजरेने वाचतो, त्याच नजरेने ती वाचायची.

२. सराव व्हर्जनपासून सुरू करा, सगळ्यात सोपं गिऱ्हाईक तेच. ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघरी पोचली. जुन्या गाण्यांचा साठा एचएमव्हीकडे होता, पण त्यांच्या कॅसेट महाग, आणि हवी ती दुकानात मिळेलच याचा भरवसा नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये एक खिडकी होती. ध्वनिमुद्रण होऊन दोन वर्षं उलटली की मालकाला नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची आणि तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घ्यायचं. हेच ते व्हर्जन. टी-सीरिजच्या गुलशन कुमार यांनी त्या खिडकीतून अख्खं गोदाम बाहेर काढलं. लताबाईंची गाणी अनुराधा पौडवालांनी गायली, रफीसाहेबांची सोनू निगमने, आणि कॅसेट पानपट्टीपर्यंत जाऊन पोचली.

व्हर्जन ओळखायचं तर गायकाकडे दुर्लक्ष करा. गायक बहुतेक वेळा बरेच असतात, तिथे फसाल. पहिला अंतरा संपला की कान टवकारा. जिथे व्हायोलिनचा सगळा ताफा एकदम उठायला हवा तिथे एकच कीबोर्ड सगळ्यांच्या वतीने हजेरी लावून जातो. मेंडोलिनचा तुकडा असतो, पण त्याला नखी लागल्याचा आवाज नसतो. दुसरी खूण कॅसेटच्या कव्हरवर. नायक-नायिका कव्हरभर, सिनेमाचं नाव ठसठशीत आणि खरोखर गाणाऱ्याचं नाव तळाशी, भिंगाने वाचावं अशा अक्षरात. २०१२च्या दुरुस्तीने हे बंद केलं. दोन वर्षांची पाच झाली, मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वापरायला बंदी आली आणि कव्हरवर 'कव्हर व्हर्जन' असं छापणं सक्तीचं झालं. तोपर्यंत कॅसेट गेली होती आणि तिच्याबरोबर कव्हरही.

तुमचं स्वतःचं बालपण याच कॅसेटवर गेलं असेल, तर मी तुमच्या दुःखात सहभागी आहे. कुणाला सांगू नका.

३. झंकार बीट्सवर वेळ घालवू नका. गायक तोच, मुद्रण तेच, वर इलेक्ट्रॉनिक ठेका बसवलेला. नावं खुशाल ठेवा, फक्त त्या वेळी लांबच्या प्रवासात ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले नाही ना, एवढं बघा. रात्री दोन वाजता घाटात त्याला जागं ठेवणारा तो ठेकाच असतो.

४. आता खरी चढण. व्हर्जन बाजूला पडलं, मूळ गायकाची मूळ रेकॉर्ड हातात आली आणि तुम्हाला वाटलं, जिंकलो. इतक्यात कुणीतरी विचारतं, 'सिनेमातलं ऐकलंय का?' आणि नवशिक्या इथेच गळपटतो.

७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. पडद्याला अशी मर्यादा नव्हती. त्यामुळे सिनेमात असलेला एखादा अंतरा किंवा वाद्यांचा लांब तुकडा रेकॉर्डवर गळून जाई. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात तर सिनेमासाठी एकदा आणि रेकॉर्डसाठी वेगळं, असं दोनदा गावं लागे. न्यू थिएटर्सच्या 'स्ट्रीट सिंगर'मधली (१९३८) सैगल यांची भैरवी घ्या. कॅमेऱ्यासमोर ते चालत चालत प्रत्यक्ष गायले आणि वादक चौकटीबाहेरून त्यांच्याबरोबर सरकत राहिले. रेकॉर्डसाठी तीच भैरवी स्टुडिओत वेगळी गायली गेली. गायक एक, संगीतकार रायचंद बोराल एक, गाणी मात्र दोन. यातलं ओरिजिनल कुठलं? सोपं आहे. समोरच्याकडे जे असेल ते सोडून दुसरं.

'महल'चं (१९४९) प्रकरण याहून अवघड. मधुबालाच्या झोपाळ्यावरचं ते गाणं रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी 'कामिनी' असं छापलं होतं. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे चौकशी केली तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. तेव्हा लक्षात ठेवा, या बाबतीत गायिकेचं नाव खोटं असलेली प्रत ती खरी.

'शोले'ची (१९७५) कव्वाली तर रेकॉर्डवर आहे, सिनेमातून कापलेली आहे. तिचं सिनेमातलं रूप जास्त चांगलं होतं असं ठणकावून सांगा. तपासायला कुणी जात नाही.

५. पट्टीचं अस्त्र सगळ्यात शेवटी काढा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी धावतो, आपला टीव्ही २५ने. दूरदर्शनवर सिनेमाची रीळ त्या वेगाने चालली की गाणं चार टक्के घाई करतं आणि सूर अर्ध्या स्वराहून थोडा कमीच चढतो. रेकॉर्डवर काळी एकमध्ये असलेलं गाणं 'छायागीत'मध्ये पांढरी दोनच्या उंबरठ्यावर येऊन उभं राहायचं, आणि चार मिनिटांचं असेल तर दहा सेकंद आधी संपायचं. टीव्हीवर पाहिलेलंच गाणं खरं मानणारा कुणी भेटला की त्याला हे शांतपणे समजावून सांगा. तो पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही.

६. अर्धवट ओरिजिनल हाही एक वर्ग आहे. 'मुघल-ए-आझम' २००४मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा नौशाद यांच्या देखरेखीखाली, उत्तम सिंग यांच्या मदतीने वाद्यमेळ नव्याने मुद्रित झाला आणि गायकांचे आवाज १९६०चेच ठेवले. अशा वेळी गाणं चालू असताना मान डोलवा आणि मधल्या वाद्यांना हातातल्या चहाकडे बघा. थोड्या सवयीने जमतं.

७. मराठी उमेदवारांना एक जादा पेपर आहे: 'कट्यार काळजात घुसली'. २०१५च्या चित्रपटातली पदं आवडली असं बोलून बसलात तर पुण्यात किंवा डोंबिवलीत तुम्हाला कुणीतरी लगेच 'वसंतरावांचं ऐकलंय का?' असं विचारेल. नाटक १९६७चं आहे, त्यात वसंतराव देशपांडे गायचे आणि संगीत जितेंद्र अभिषेकींचं होतं. जन्मसाल आडवं येत असेल तर 'वडिलांनी प्रयोग पाहिला होता' हे उत्तर चालतं. नव्या मुद्रणाला सरसकट मोडीत मात्र काढू नका, कारण त्यात गाणारे राहुल देशपांडे वसंतरावांचे नातू आणि महेश काळे अभिषेकीबुवांचे शिष्य. घराणं आडवं येतं. त्यातून वन्समोअर मिळाला की रंगभूमीवर तेच पद वेगळ्या वाटेने जायचं. मग ओरिजिनल कुठल्या प्रयोगाचं, आणि त्या रात्रीही पहिल्यांदा गायलेलं की दुसऱ्यांदा? हा प्रश्न तुम्ही स्वतःच विचारा आणि उत्तर यायच्या आत पाणी प्यायला उठा.

८. आता खरेदी. पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा, मुंबईत असाल तर चोर बाजारात. रेकॉर्ड पाकिटातून काढताना बोटं फक्त कडेला आणि मधल्या लेबलला लागू द्या. उजेडाकडे तिरकी धरा. चऱ्यांवरून उजेड सलग सरकला तर ठीक, मध्ये राखाडी पट्टा दिसला तर बोथट सुईने ती खरवडली आहे. मग लेबलच्या कडेच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर बघा. मोठ्याने वाचू नका. वाचलात की विकणाऱ्याला कळतं की आपल्याला गिऱ्हाईक नाही, जाणकार मिळालाय, आणि भाव तिथल्या तिथे वाढतो.

घरी आणल्यावर ती उभी ठेवा. ७८ची रेकॉर्ड लाखेची असते. आडव्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली गेली तर वरच्यांच्या वजनाने वाकते, नाहीतर तडकते, आणि तडकलेली तबकडी जुन्या बाजारातही कुणी परत घेत नाही.