कॅमेरा बघतो, कागद बोलतो

लालबागच्या गणपतीच्या गर्दीत खिशातला मोबाइल गेला, तर तो कॅमेऱ्याला दिसतो. न्यायालयाला दिसायला मात्र दाखला लागतो. 26/11 नंतर मुंबईवर नजर ठेवायला हजारो कॅमेरे आले, पण 2016 साली. तोवर आठ वर्षं फाइलच गस्त घालत होती. 2020 साली जालन्याच्या खोतकर निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, मूळ उपकरण हजर नसेल तर चित्रणासोबत प्रमाणपत्र हवंच. चित्रणात फेरफार होतो, मग यात गैर काय, असं कुणी विचारेल. काहीच नाही. 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष अधिनियमाने तर तज्ज्ञाची सहीही मागितली. फक्त यंत्र खरं बोलतंय हे शेवटी माणसानेच लिहून द्यायचं, आणि सही करणारे साहेब तर विसर्जनापर्यंत बंदोबस्तात!