लॉस लाल आहे का?

इंटरनेट गेलं की घरातली माणसं मोबाइल बाजूला ठेवून एकमेकांशी बोलायला लागतात, असं जे लिहितात त्यांच्या घरचं इंटरनेट बहुधा कधी गेलेलं नसतं. आमच्याकडेही माणसं एकत्र येतात, नाही असं नाही. पण ती राउटरसमोर येतात आणि बोलतात ती माझ्याविरुद्ध.

बायको ऑफिसच्या मीटिंगमध्ये तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठलेली असते. चिरंजीव ऐन लढाईत बंदुकीसकट अडकलेले असतात. आईच्या यूट्यूबवरच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपून नुकतीच आख्यानाला सुरुवात झालेली असते. मग तिन्ही खोल्यांतून एकदमच "गेलं!" असा पुकारा होतो आणि पाठोपाठ आईचा प्रश्न येतो, "बिल भरलं होतंस ना रे?"

बिल भरलेलं असतं. बिल भरलेलं असतानाच नेट जातं, हा माझा अनुभव आहे.

पहिला उपाय ठरलेला, राउटर बंद करून चालू करणे. याचं शास्त्र आहे. प्लग काढून निदान तीस सेकंद थांबायचं, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज उतरते आणि यंत्र खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतं. पण तीस सेकंद ही आमच्या घराला न झेपणारी मुदत आहे. मुलगा पाचपर्यंत मोजतो आणि बटण दाबतो. दिवे लुकलुकायला लागतात. नीट सुरू व्हायला राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात बायको "नाही येत" असा निकाल देऊन तो पुन्हा बंद करते. राउटर शुद्धीवर यायला आणि आम्ही त्याला पुन्हा झोपवायला, असा हा खेळ अर्धा तास चालतो.

मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी मोबाइल डेटावरून विचारतं, "कोणाचं नेट गेलंय का?" यावर "आमचं चालू आहे" असं उत्तर देणाऱ्याला जे समाधान मिळतं, ते बढती मिळूनही मिळत नसावं. नंतर ग्रुप पाण्याच्या टँकरवर घसरतो आणि नेट राहतं बाजूला.

पण उपाय घेऊन लोक प्रत्यक्ष घरी येतात. आजारी माणसाला भेटायला येणारे जसे प्रत्येकी एक रामबाण औषध घेऊन येतात, तसंच हे. शेजारचे काका म्हणाले, "अँटेना सरळ ठेवू नका, एक उभी, एक आडवी." वरच्या मजल्यावरच्या काकूंनी राउटर लोखंडी कपाटावरून उचलायला लावला. हे मात्र बरोबर होतं, कारण लोखंडाआड वाय-फाय पोचत नाही. सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याने फोनवरून १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडायला लावला आणि चॅनेल बदलून दिलं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत घरं चाळीस, म्हणजे काय रेटारेटी असेल बघा. त्यात मायक्रोवेव्हही साधारण याच लहरींवर चालतो, त्यामुळे पापड भाजेपर्यंत वाय-फायने दम धरायचा. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी आणि वेग जास्त, पण भिंत आली की त्याचा जीव जातो.

हे सगळं ज्ञान खरं होतं आणि निरुपयोगीही होतं. कारण आमचं वाय-फाय ठणठणीत होतं. मोबाइलवर सगळ्या कांड्या भरलेल्या दिसायच्या. वाय-फाय म्हणजे राउटरपासून आपल्यापर्यंतचा रस्ता, आणि इंटरनेट म्हणजे बाहेरून राउटरपर्यंत येणारा. आमचा बाहेरचा रस्ता बंद पडत होता आणि अख्खी इमारत आतला रस्ता झाडत होती.

याचा पुरावा राउटरच्या कपाळावरच असतो. 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला, तर समजायचं की फायबरमधून येणारा प्रकाशच पोचत नाहीये. तक्रार केंद्रात या दिव्याचं 'लॉस' झालंय. मी फोन लावला. आधी संगीत, मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," मग पुन्हा संगीत, आणि शेवटी एक गोड आवाज.

"सर, लॉस लाल आहे का?"

"लालबुंद आहे."

"ठीक आहे सर. एकदा राउटर बंद करून चालू करा."

"ते सकाळपासून करतोय."

"माझ्यासमोर एकदा करा सर."

केलं. मग पॉलिसीच्या नंबराइतका लांब तक्रार क्रमांक मिळाला आणि संध्याकाळी पाठीला सॅक लावून एक मुलगा आला. त्याने राउटरकडे पाहिलं. दिवा हिरवा होता.

"चालू आहे की, काका."

"आत्ता आहे. सकाळी नव्हतं."

"ओटीपी आला असेल बघा. सांगा, म्हणजे तक्रार बंद करतो."

तक्रार बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेटही बंद झालं. मग हा क्रमच पडला. सकाळी जायचं, दुपार उतरली की आपोआप यायचं, आणि तो मुलगा हिरवा दिवा बघून ओटीपी घेऊन जायचा. पावसाची झड लागली की दिवस दिवस यायचं नाही. काकांच्या मते सरकार सकाळी स्पीड कमी करतं. भाच्याच्या मते सर्व्हरवर लोड येतो. आई म्हणाली, "दमट हवेने माझे गुडघेसुद्धा धरतात."

शेवटी एकदा तो मुलगा दुसऱ्या कोणाच्या तरी तक्रारीसाठी सकाळीच इमारतीत आला असता बायकोने त्याला जिन्यातच गाठलं. आमचा दिवा लाल होता. प्रथमच रोगी आणि वैद्य एका वेळी एका खोलीत होते.

त्याने राउटरमधून फायबरची टोपी काढून हातातल्या छोट्या मीटरला लावली. आकडा आला उणे ३१. उणे २७ च्या खाली गेलं, की राउटरला काही दिसेनासं होतं, असं तो म्हणाला. "वायर कुठून आलीये?" वायर गॅलरीतून आली होती. गॅलरीत दोरीवर नुकतीच धुतलेली डबलबेडची चादर आणि चिरंजीवांच्या दोन जीन्स टपटपत होत्या. वायर दिसेना, म्हणून त्याने कपडे वाळत घालणाऱ्या आमच्या कामाच्या मावशींना चादर काढायला सांगितली. मावशींनी चादर ओढली मात्र, मीटर उणे २० वर आला.

मुलगा मीटरकडे बघत राहिला. म्हणाला, "मावशी, परत घाला."

"अहो दादा, आत्ता तर काढायला लावलीत!"

घातली. उणे ३०. काढली. उणे २०. मग मावशींनाही त्यात गंमत वाटायला लागली.

उन्हाळ्यात आम्ही गॅलरीला कबुतरांची जाळी लावून घेतली होती. जाळी लावणाऱ्याने लोंबणारी फायबर नीट दिसावी म्हणून कपड्यांच्या दोरीच्या हुकाला वळसा देऊन प्लास्टिकच्या पट्टीने आवळली होती. फायबर म्हणजे सव्वाशे मायक्रॉन जाडीची काचेची तार, वर नुसतं आवरण. ती तुटायची गरज नसते. फार कमी त्रिज्येत वाकली, तरी आतला प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. ओल्या कपड्यांनी दोरी ताणली की वळसा आवळायचा आणि प्रकाश सांडायचा. कपडे वाळून हलके झाले की नेट परत. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून नेटही नाही.

मुलाने पट्टी कापली, वळसा सैल करून वायर खिडकीच्या चौकटीवरून फिरवली आणि ओटीपी मागितला. या वेळी आईने तो मोठ्याने आणि आनंदाने वाचून दाखवला.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून कुंथत कुंथत यायचं, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, आणि ते चालू असताना घरचा फोन बंद. एक चित्र उघडेपर्यंत चहा व्हायचा, आणि तरी लोक खूश असायचे. आज प्रकाशाच्या वेगाने जगभर फिरून आलेली माहिती आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचून एका चादरीपुढे हात टेकत होती.

तेव्हा वाचकहो, नेट गेलं तर आधी राउटरचे दिवे बघा. लॉस लाल नसेल तर खुशाल राउटर बंद करा, पण तीस सेकंद खरोखर मोजा. लाल असेल, तर अँटेनाशी झोंबू नका आणि चॅनेलही बदलू नका. भिंतीपासून खिडकीपर्यंत वायरीचा माग काढा, ती कुठे वाकली, चेपली, आवळली आहे ते बघा. आणि तक्रार नोंदवताना दिवा लाल असतानाचा फोटो काढून ठेवा, कारण माणूस येईल तेव्हा तो हिरवाच असणार.