काळोख बघायला निघालेली बस

मे महिना सरत आला की मुंबई-ठाण्यात भंडारदऱ्याच्या सहलींच्या जाहिराती फिरू लागतात. ‘वारसा, वन्यजीवन आणि काजवे. एसी बस, गाइड, नाश्ता-जेवणासह.’ यातलं नाश्ता-जेवण तेवढं भरवशाचं. बाकी सगळं निसर्गाच्या आणि ड्रायव्हरच्या मर्जीवर.

आमच्या बसमध्ये कसारा घाट चढेपर्यंत पोहे, भडंग, दोन प्रकारचे लाडू आणि एका आजींची आवळासुपारी फिरून झाली होती. घोटीला बस आत वळली तेव्हा गाइडने माइक हातात घेतला. पोरगा तिथलाच, शेंडीच्या बाजूचा. माइकमधून “ते डावीकडं...” एवढं स्पष्ट ऐकू यायचं आणि पुढे नुसती खरखर. सगळी बस डावीकडे वाकायची, तोवर ‘ते’ मागे पडलेलं असायचं. शेवटी बारी गावापाशी त्याने बस थांबवली आणि माइक ठेवून दिला.

“हे कळसूबाई. १,६४६ मीटर. महाराष्ट्रात याच्याहून उंच काही नाही.”

“रेंज असेल मग वर,” मागच्या सीटवरचे काका म्हणाले.

भंडारदऱ्याला पोचल्यावर विल्सन धरण. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. प्रवरेवरचा हा दगडी बांध अजून खणखणीत उभा आहे. आमच्या काकांना भरून आलं. “शेवटी इंग्रजांचं काम ते इंग्रजांचं काम!”

“इंग्रजांनी नकाशे काढले, काका,” गाइड म्हणाला. “दगड आमच्या पणज्यांनी वाहिले.”

मग त्याने राघोजी भांगऱ्यांची हकीकत सांगितली. अकोले तालुक्यातल्या देवगावचा हा महादेव कोळी वीर. सावकारांवर आणि कंपनी सरकारवर उठला, वर्षानुवर्षं या डोंगरांतून झुंजला, आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. निम्मी बस ठाण्याची. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून रोजची जा-ये असलेली मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. ठाण्याचा इतिहास कळायला घोटीमार्गे शेंडीला यावं लागतं, हे मात्र जाहिरातीत नव्हतं.

रतनवाडीचं अमृतेश्वर हा खरा ऐवज. रतनगडाच्या पायथ्याशी काळ्या दगडाचं मंदिर, शिखरावर इवल्या इवल्या शिखरांच्या उभ्या रांगा कळसापर्यंत चढत गेलेल्या. पायापासून एकेक मोजत वर गेलं की मान दुखते आणि आकडा चुकतो. गाइडने सांगितलं, “पांडवांनी एका रात्रीत बांधलं.” बस समाधान पावली. निवृत्त शिक्षिकाबाई पुटपुटल्या, “हेमाडपंती आहे.” आता हेमाडपंत तेराव्या शतकातले, देवगिरीच्या यादवांकडचे, आणि हे मंदिर त्यांच्याही आधीचं, शिलाहारकाळातलं मानतात. पण आपल्याकडे काळा दगड दिसला की दोनच पर्याय: हेमाडपंत नाहीतर पांडव. शिलाहारांनी एवढं बांधून ठेवलं आणि श्रेय घ्यायला कुणी माणूस नेमला नाही, ही त्यांचीच चूक. शेजारच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत सुरेख मूर्ती आहेत. त्यांच्यापुढे उभं राहून आमच्या मंडळींनी पुष्कळ फोटो काढले. मूर्ती एकाही फोटोत नाहीत.

घाटघरला कोकणकड्याचा वारा, करवंदांचे द्रोण आणि २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प. विजेला मागणी असली की वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करतात, आणि रात्री मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. काका लगेच म्हणाले, “हे तर आमच्या सोसायटीच्या टाकीसारखं झालं!” तिथेही वॉचमन पंप चालू करून झोपतो का, ही त्यांची पुढची शंका.

वन्यजीवनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालचं. त्यात बिबट्याही आहे. पण अंताक्षरी खेळत येणाऱ्या बसची वाट बघत तो का थांबेल? दर्शन दिलं ते माकडांनी. उरलेले लाडू त्यांनीच संपवले.

अंधार पडल्यावर पांजरेच्या अलीकडे बस उभी राहिली. गाइडने नियम सांगितले: हेडलाइट बंद, टॉर्च बंद, फ्लॅश बंद, तोंड बंद. बस काळोखात बुडाली आणि पुढून एक पोरगं ओरडलं, “काजवे!” लाल, हिरवे, निळे, ओळीने पळणारे. ते डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या मखराचे दिवे होते. ते विझवायला ड्रायव्हर तयार होईना. देवाचा दिवा कसा मालवायचा? शेवटी मखरावर टॉवेल टाकण्यावर तडजोड झाली.

खाली उतरल्यावर मोबाइल निघालेच. फ्लॅश न टाकता काजव्याचा फोटो येत नाही, आणि टाकला तर काजवाच येत नाही. गाइड आर्जवाने सांगू लागला: गोगलगायी खाऊन अळी वाढते, पंख फुटल्यावर काजव्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे, तेवढ्यात नराने लुकलुकायचं, मादीने बघून जबाब द्यायचा. आपला उजेड पडला की त्यांना एकमेकांचा दिसत नाही. कुणी ऐकेना. तेव्हा आवळासुपारीच्या आजी कडाडल्या, “अरे, पोरांची लग्नं जुळतायत तिथं! ठेवा ते मोबाइल खिशात!”

ठेवले. समोरचा सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम पेटला, विझला, पुन्हा पेटला. शेजारच्या हिरड्याने तीच लय उचलली. काकासुद्धा गप्प. हे असं जेमतेम पाच मिनिटं चाललं. मग दुसऱ्या एका सहलीची बस अप्पर मारत वळणावर आली आणि दोन्ही झाडं नुसती झाडं झाली.

जायचं असेल तर अमावास्येच्या आसपास जा, पाऊस जोर धरायच्या आत. रतनवाडी-पांजरेकडच्या गावांतच एखाद्या घरी उतरा, पिठलं-भाकरी खा आणि रात्री घरातल्याच माणसाबरोबर पायी निघा. बसनेच जायचं झालं, तर बुकिंग करताना एसीची चौकशी नंतर करा. डॅशबोर्डवर काय काय लुकलुकतं ते आधी विचारा.