कचेरीभोवतीची जमीन

अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्ससारख्या कंपनीने कचेरीभोवतीची जमीन घेऊन ठेवावी, याचे शास्त्रोक्त कारण असे की आयुर्विम्याचे दायित्व, म्हणजे पुढे चुकती करावयाची रक्कम, वीस-तीस वर्षांनी अंगावर येते आणि तोवर हप्त्यांतून साठलेला पैसा कोठेतरी गुंतवावाच लागतो. खासगीतले कारण एवढेच, की विमेदार मर्त्य असतो. सातबारा मरत नाही, त्यावर फक्त वारसांची नावे वाढतात. शिवाय कचेरी आली की चहाची टपरी, झेरॉक्सचे दुकान आणि एजंटांच्या दुचाकी येऊन भाव चढतो, मग तो नफा शेजाऱ्याने का खावा? सांगलीत मात्र हा हिशेब कृष्णेला विचारून करावा लागतो, कारण २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी दाखवल्याप्रमाणे तेथे कचेरी आणि तिची गुंतवणूक एकाच रात्री पाण्याखाली जाऊ शकते, आणि जोखीम विखुरण्याचा, म्हणजे धोका अनेक ठिकाणी वाटून ठेवण्याचा, उपदेश तेवढा भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोरडा राहतो. साताऱ्याच्या कंपनीला बुडवायला नदी लागली नाही; १९५६ मध्ये सरकारने तिला इतर आयुर्विमा कंपन्यांसह महामंडळात विलीन केले, आणि राष्ट्रीयीकरणाविरुद्ध विमा उतरवण्याची सोय कोणत्याच पॉलिसीत नव्हती.