जाडच टाका!

चंद्रपुरात पारा ४५च्या वर गेला, की माणसं दोनच विषयांवर तावातावानं बोलतात: कूलरच्या ताट्या आणि बाईकचं ऑईल. ताट्यांबद्दल मतभेद तरी असतात. ऑईलबद्दल नाहीत.

"भाऊ, जाडच टाका. एवढ्या तपनीत पातळ ऑईलचं पानी होऊन जाते," आमचा मिस्त्री सांगतो. मग तो पट्टी उपसतो, टोकावरचा थेंब अंगठा-तर्जनीत चोळतो, डोळे मिटतो, बोट नाकाशी नेतो. नाडी बघणारे वैद्यसुद्धा एवढा वेळ घेत नाहीत. "गेलं," तो सांगतो. गेलेलं काहीच नसतं, ऑईल फक्त काळं झालेलं असतं. इंजिनातली काजळी उचलून धरणारं रसायन त्यात मुद्दाम घातलेलं असतं. काळं होणं ही त्याची नोकरीच आहे.

डब्यावरचे आकडे मात्र कुणी वाचत नाही. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतला. इंजिन सुरू होताना ऑईल किती अडतं, हे १०डब्ल्यूच्या बाबतीत उणे २५ अंशांवर तपासतात. चंद्रपूरकराला त्याचं काय सोयरसुतक? आपल्या कामाचा दुसरा आकडा, १०० अंशांवरचा दाटपणा सांगणारा. इंजिनाच्या आत कारभार त्याच्याच आसपास चालतो. बाहेरच्या उन्हानं त्यात भर पडते, हे खरं. म्हणून काही गाड्यांच्या पुस्तिकेत हवामानानुसार ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. त्यात २०डब्ल्यू-५० असेल तर खुशाल टाका. नसेल तर जाड ऑईल सकाळी वरपर्यंत रमतगमत पोचणार आणि पेट्रोल जास्त खाणार.

शेजारचे काका याही पुढचे. कारमधून उरलेलं ऑईल ते बाईकमध्ये ओततात, "महागातलं आहे" म्हणून. पण बहुतेक बाईकचा क्लच त्याच ऑईलात बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑईलांत घर्षण कमी करणारे मसाले असतात. क्लच घसरतो, रेस वाढते, गाडी जागच्या जागी बोंबलते. काका पेट्रोलपंपवाल्याला शिव्या देतात. बाईकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं लागतं.

पुस्तिका सापडत नसेल तर निदान पातळी तरी बघा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनातली बरीचशी उष्णता ऑईलही वाहून नेतं, आणि लहान बाईकमध्ये ते असतं जेमतेम लिटरभर. त्यातलं पाव लिटर जळून गेलं असेल, तर उरलेलं कितीही जाड असलं तरी इंजिन वाचवणार नाही.