दोन लेन, एक स्वार

इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 सालच्या पुस्तिकेत शहरी रस्त्यांची क्षमता मोजताना दुचाकी म्हणजे अर्धी मोटार धरली आहे. दुचाक्यांचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं, तर पाऊण. ही अट पुण्यात पहाटे चारलाच पूर्ण होते. पण हा हिशेब सरळ जाणाऱ्यांचा. लेन बदलणारा काही क्षण दोन लेन अडवतो: एक सोडतोय म्हणून, दुसरी घेतोय म्हणून.

खरी मजा उड्डाणपुलाच्या पायथ्याशी. पुलावरून उतरलेल्यांना डावीकडे वळायचं असतं, खालून आलेल्यांना उजवीकडे सरकायचं असतं, आणि दोघांच्या वाट्याला येतो पुढच्या सिग्नलपर्यंतचा तोच तुकडा. तिथे एकजण तिरका घुसतो, मागचा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा जरा जास्त दाबतो, आणि पाव किलोमीटर मागचा निष्पाप माणूस उभाच राहतो. घुसणारा मात्र पुढच्या सिग्नलला त्याच थव्यात उभा असतो, फक्त चार गाड्या पुढे. (विजयी मुद्रेने.)

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे आणखी एक उड्डाणपूल. तोही कुठेतरी उतरणारच! तेव्हा वाचकहो, डावीकडे वळायचं असेल, तर कृपा करून मागच्या चौकापासूनच डावीकडे राहा.